नगरपरिषदेचे मुख्य कार्यालय गावाबाहेर न्यावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातील एका ब वर्ग नगरपरिषदेच्या नवनिर्वाचित सदस्या विचारतात की, त्यांच्या नगरपरिषदेची इमारत जुन्या गावठाणात, बाजारपेठेच्या तोंडाशी आहे. ती अपुरी पडते, पावसाळ्यात गळते आणि समोर गाड्या लावायला जागा नाही. महामार्गालगतच्या नव्या वसाहतींजवळ दोन एकर मोकळी जागा मिळू शकते आणि मुख्य कार्यालय तिकडे हलवण्याचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. गावातले व्यापारी आणि ज्येष्ठ नागरिक विरोधात आहेत, नव्या वसाहतींतले रहिवासी बाजूने आहेत. मत देण्यापूर्वी काय पाहावे आणि काय विचारावे, असे त्यांनी विचारले आहे.

आपण हे मत देण्यापूर्वी विचारत आहात, याचे मला समाधान वाटले, कारण बहुतेक वेळा असा प्रश्न पायाभरणीचा नारळ फुटल्यावर येतो आणि तेव्हा सांगण्यासारखे फारसे उरलेले नसते. मी नगरपरिषदांच्या सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ काढला, शेवटची काही वर्षे मुख्याधिकारी म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर नाशिकला राहते. या काळात दोन कार्यालयांची स्थलांतरे माझ्या हातून झाली. एक बऱ्यापैकी जमले आणि एक फसले. जे फसले त्यातून मी अधिक शिकले, म्हणून या उत्तरात त्याचाच उल्लेख जास्त येईल.

माझे मत आधी सांगते. आपल्या सभेपुढे ‘कार्यालय हलवावे की हलवू नये’ असा एकच विषय ठेवला गेला, तर ठराव कोणत्याही बाजूने झाला तरी गावाचे नुकसान होईल. नगरपरिषदेच्या इमारतीत निरनिराळ्या चार गोष्टी एकाच छपराखाली राहत असतात. लोक पैसे भरतात आणि दाखले घेतात ती खिडकी, कर्मचारी बसून काम करतात ती टेबले, सभा भरते ते सभागृह आणि जुने दप्तर ठेवलेली अभिलेख खोली, या चारही गोष्टींच्या गरजा वेगळ्या आहेत. टेबलांना जागा हवी, दप्तराला कोरडेपणा हवा, सभागृहाला महिन्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी वाहनतळ हवा आणि खिडकीला फक्त माणसांच्या पायवाटेवर असणे हवे. या चौघींची जागा एकच असली पाहिजे असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. आपण सभेत सर्वप्रथम हाच मुद्दा मांडावा, अशी माझी विनंती आहे.

खिडकी कुठे असावी हे ठरवण्याआधी खिडकीवर कोण येते हे मोजावे लागते, आणि आश्चर्य वाटेल, पण कोट्यवधींच्या इमारतीचे अंदाजपत्रक तयार करणाऱ्या नगरपरिषदा ही बिनखर्चाची मोजणी करत नाहीत. पंधरा दिवस दाराशी दोन कर्मचारी वह्या घेऊन बसवावेत, त्या पंधरा दिवसांत आठवडी बाजाराचे किमान दोन दिवस यावेत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाच गोष्टी विचाराव्यात: कोणत्या भागातून आलात, कशाने आलात, काम काय आहे, याच कामासाठी ही कितवी फेरी आहे आणि आज याशिवाय आणखी कुठे जायचे आहे. शेवटचे दोन प्रश्न बहुतेकांना अनावश्यक वाटतात, परंतु सगळ्यात उपयोगी उत्तरे त्यांचीच असतात. कितवी फेरी या प्रश्नातून जागेचा दोष किती आणि आपल्याच कारभाराचा दोष किती हे कळते. एका दाखल्यासाठी माणसाला चार वेळा यावे लागत असेल, तर त्याला नवी इमारत नको असते, त्याला पहिल्याच फेरीत दाखला हवा असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे, अधिसूचित सेवांच्या मुदती कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे, आणि त्या मुदती पाळल्या गेल्या तर निम्मी गर्दी आपोआप ओसरते, हा माझा अनुभव आहे.

आम्ही एका गावात अशी मोजणी केली तेव्हा सर्वांचा समज होता की गर्दी बांधकाम परवानगीवाल्यांची असते, कारण साहेबांच्या दालनाबाहेर तेच बसलेले दिसत. मोजणीत निघाले ते वेगळेच. घरपट्टी आणि पाणीपट्टी भरणारे, जन्म-मृत्यूचे दाखले नेणारे आणि मालमत्तेचा उतारा मागणारे लोक सर्वाधिक होते आणि त्यांतले बरेचसे पायी आलेले होते. त्या वहीतील एक बाई मला अजून आठवतात. बाजाराच्या दिवशी मेथीच्या जुड्यांची पाटी शेजारणीकडे सोपवून त्या दुपारी दोनच्या सुमारास येत, ओल्या हातांनी कमरेच्या पिशवीतून नोटा काढून मोजत, पाणीपट्टीचा जमेल तेवढा भाग भरत, पावती पदराच्या टोकाला बांधत आणि दहा मिनिटांत पुन्हा पाटीवर जाऊन बसत. कार्यालय तीन किलोमीटर लांब गेले तर अशा बाईची दुपारची विक्री बुडणार. त्या निवेदन देणार नाहीत, मोर्चाला येणार नाहीत, विरोधकांच्या यादीत त्यांचे नाव दिसणार नाही. त्यांची पाणीपट्टी थकेल, एवढेच होईल, आणि मार्चअखेर वसुलीच्या आढाव्यात ती थकबाकी केवळ आकडा म्हणून दिसेल.

याच संदर्भात ‘आता सगळे ऑनलाइन झाले आहे, कार्यालय कुठेही असले तरी काय फरक पडतो’ हा युक्तिवाद आपल्या सभेत नक्की होईल. तो मला पटत नाही. बांधकाम परवानगीचे अर्ज संगणक प्रणालीवर दाखल होतात हे खरे आहे, आणि म्हणून नगररचना विभाग गावाबाहेर गेला तर वास्तुविशारदांची फारशी अडचण होत नाही. मोबाइलवरून घरपट्टी भरणाऱ्याचीही होत नाही. परंतु ऑनलाइनची सोय झाल्यानंतरही जे लोक खिडकीवर येतात, ते ती सोय वापरू न शकणारेच असतात. म्हणजे जितके काम ऑनलाइन होईल, तितकी उरलेली खिडकी म्हाताऱ्या, निरक्षर आणि रोजंदारीवरच्या माणसांची होत जाते, आणि त्यांना जवळचेपणाची गरज इतरांपेक्षा जास्त असते.

‘आज आणखी कुठे जायचे आहे’ या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी नाशिकच्या जुन्या सीबीएसचे, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाचे, उदाहरण पाहावे. खेड्यावरून एस.टी.ने आलेला माणूस तिथे उतरला की जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय समोरच आहेत. एका फेरीत त्याची दोन-तीन कामे होतात आणि तो दिवेलागणीच्या आत घरी पोहोचतो. याउलट विभागीय आयुक्तांचे कार्यालय नाशिकरोडला आहे आणि ते त्या कार्यालयासाठी योग्यही आहे, कारण त्याच्या अखत्यारीत नाशिकसह धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर हे जिल्हे येतात आणि बाहेरगावाहून रेल्वेने येणाऱ्यांना ते सोयीचे पडते. कार्यालयाची जागा अशी येणाऱ्याच्या वाटेवरून ठरली पाहिजे. आपल्या गावात तहसील कार्यालय, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख, पंचायत समिती आणि बसस्थानक एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे कागदावर काढा. नगरपरिषद त्या घोळक्यातून उठून एकटी महामार्गावर गेली, तर खरेदीखतानंतर मालमत्तेवर नाव लावायला आलेल्या माणसाचा अर्धा दिवस केवळ जाण्या-येण्यात जाईल.

हा खर्च अंदाजपत्रकात कधीच दिसत नाही, म्हणून तो आपण स्वतः मांडावा. समजा, रोज दोनशे माणसे कार्यालयात येतात आणि नव्या जागेसाठी प्रत्येकाला रिक्षाचे जाऊन-येऊन ४० रुपये जास्त लागतात. म्हणजे दिवसाला ८,००० रुपये झाले. वर्षात कामाचे २५० दिवस धरले तर ही रक्कम २० लाख रुपये होते. ती नगरपरिषदेच्या तिजोरीतून जात नाही, लोकांच्या खिशातून जाते, आणि इमारत पन्नास वर्षे टिकली तर पन्नास वर्षे जात राहते. आपल्या मोजणीतून दोनशेऐवजी जो खरा आकडा येईल तो घालून हाच हिशेब सभेपुढे येणाऱ्या कार्यालयीन टिपणीसोबत जोडायला सांगावे. नाशिक शहरात ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बससेवा चालते, त्यामुळे तिथे अंतराचा प्रश्न थोडा तरी सौम्य होतो. लहान गावात शहर बस नसते, आणि कार्यालय हलल्यावर एस.टी. महामंडळ थांबा देईल, या भरवशावर ठराव करू नये.

इतके लिहूनही नव्या वसाहतींतल्या लोकांची मागणी मी हलकी लेखत नाही. हद्दवाढीनंतर गाव तिकडे सरकले आहे, घरपट्टीचा मोठा वाटा तिकडून येतो, आणि वर्षानुवर्षे कर भरूनही आपण गावाच्या कडेचेच राहिलो, ही त्यांची भावना खरी आहे. मात्र त्यांच्याशी बसून बोलल्यावर मला नेहमी असे आढळले की, त्यांना वर्षातून एक-दोनदा कार्यालयात यावे लागते आणि त्यांची मुख्य तक्रार पाणी, गटार, पथदिवे आणि रस्त्यांची असते. त्यांना त्यांच्या भागात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, पुढे रोज चालणारी एक खिडकी आणि त्या भागासाठी नेमलेला एक अभियंता द्यावा. मुख्य कार्यालय जवळ आल्याने त्यांच्या नळाला पाणी लवकर येणार नाही.

आता इमारतीविषयी लिहिते. ‘इमारत धोकादायक आहे’ हे वाक्य टिपणीत असेल, तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा आणि तो पूर्ण वाचा. केवळ शेवटचे पान वाचून भागत नाही. अहवाल मागवताना बहुतेक ठिकाणी ‘इमारत वापरास योग्य आहे काय’ असा एकच प्रश्न विचारलेला असतो, आणि कोणताही सावध अभियंता त्याचे उत्तर ‘नाही’ असेच देतो, कारण जबाबदारी त्याच्यावर येते. ‘ही इमारत आणखी वीस वर्षे सुरक्षितपणे वापरायची असेल तर कोणती दुरुस्ती लागेल आणि तिला किती खर्च येईल’ असा प्रश्न विचारला पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, आपल्याकडच्या जुन्या नगरपालिकांच्या इमारती बहुधा दगड-विटांच्या, चुन्यातल्या आणि सागवानी तुळयांच्या असतात. अशा भिंतींवर सिमेंट काँक्रीटसाठी वापरल्या जाणाऱ्या हातोडीच्या चाचण्या करून काहीही सिद्ध होत नाही. तिथे चुन्याचा दर्जा, भिंतीत शिरलेल्या तुळयांच्या टोकांची कूज, वाळवी आणि छपराचे पाणी कुठून मुरते हे पाहावे लागते. अहवालात तुळयांच्या टोकांचा उल्लेखच नसेल, तर तपासणाऱ्याने इमारत नीट पाहिलेली नाही असे समजावे. गळते ती इमारत मोडकळीला आली असे नसते. कित्येकदा पन्हळ बुजलेली असते आणि वरच्या गच्चीवर नंतर कुणीतरी ठेवलेल्या पाण्याच्या टाकीचा भार एका भिंतीवर आलेला असतो.

तपासणीत इमारत खरोखरच धोकादायक ठरली, तर मात्र एक दिवसही थांबू नये. माणसे लगेच हलवावीत, जवळची एखादी शाळेची किंवा समाजमंदिराची जागा तात्पुरती घ्यावी, आणि नव्या जागेचा निर्णय शांतपणे स्वतंत्र करावा. तातडीच्या आडून कायमचे निर्णय होतात, ते टाळायचे असतात.

दोन एकरांच्या जागेबद्दल आपण बारकाईने पाहावे असे मला वाटते, कारण अशा प्रकरणांतला खरा गुंता जमिनीत असतो. पहिली चौकशी विकास योजनेची करावी. ती जागा सार्वजनिक-निमसार्वजनिक विभागात आहे, निवासी विभागात आहे, शेती विभागात आहे की तिच्यावर उद्यान, क्रीडांगण किंवा शाळेचे आरक्षण आहे? विकास योजनेत बदल लागणार असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खालील फेरबदलाची कार्यवाही करावी लागते. त्यात सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवणे, सुनावणी आणि शासनाची मंजुरी हे टप्पे येतात, आणि ते आटोपेपर्यंत बांधकामाची निविदा काढणे ही मोठी चूक ठरते. मुलांच्या क्रीडांगणाचे आरक्षण उठवून नगरपरिषदेने स्वतःसाठी इमारत बांधावी, या कल्पनेला तर मी व्यक्तिशः कडाडून विरोध करीन. अतिक्रमणे रोखण्याचा नैतिक अधिकार आपण त्या दिवशी गमावतो.

दुसरी चौकशी पाण्याची करावी. नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. २००८ च्या सप्टेंबरमधला आणि २०१६ च्या ऑगस्टमधला गोदावरीचा पूर आम्ही पाहिला आहे, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगाला पाणी किती चढले यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल उचलायचा की नाही हे ठरवतात. नदीकाठी दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नगरपरिषदेचे कार्यालय म्हणजे आपत्तीच्या वेळी गावाचा नियंत्रण कक्ष असतो, म्हणून ते लाल रेषेच्याही बाहेर असले पाहिजे. जागा नदीपासून लांब असली म्हणून निश्चिंत राहू नये. महामार्गाच्या भरावामुळे अडलेले ओढे आणि नाले सखल जागेत पाणी आणतात, आणि मोकळी जागा इतकी वर्षे मोकळी का राहिली याचे उत्तर पुष्कळदा त्यातच असते. शेजारच्या जुन्या शेतकऱ्याला पावसाळ्यात तिथे काय होते हे विचारून या.

तिसरी चौकशी महामार्गाची आहे. महामार्गाला लागून असलेल्या जागेला प्रवेशमार्गाची स्वतंत्र परवानगी लागते, रस्त्याच्या मध्यापासून इमारत रेषेचे अंतर सोडावे लागते, आणि दोन एकरांतली बरीच जागा त्यातच जाऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावातून येणाऱ्या माणसाला महामार्ग ओलांडावा लागणार आहे काय, हे पाहावे. लागणार असेल आणि तिथे भुयारी मार्ग किंवा सेवा रस्ता नसेल, तर केवळ या एका कारणासाठी मी त्या जागेला नकार देईन. हातात काठी आणि पिशवीत हयातीचा दाखला घेऊन निघालेल्या निवृत्त माणसाला भरधाव कंटेनरच्या समोरून आपल्या कार्यालयात बोलावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

चौथी चौकशी करताना संकोच वाटतो, तरी ती करावीच. त्या दोन एकरांच्या आजूबाजूची जमीन कोणाची आहे, आणि गेल्या तीन-चार वर्षांत तिचे व्यवहार कोणी केले आहेत? जागा विनामूल्य देऊ करणाऱ्याचे मन मोठे असू शकते, परंतु नगरपरिषदेची इमारत आली की रस्ता येतो, पाणी येते, दिवे येतात आणि शेजारच्या भूखंडांचा भाव चढतो, हेही तितकेच खरे आहे. सात-बारा आणि फेरफार सर्वांना पाहता येतात. ज्या सदस्याचा त्या जमिनीत प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, त्याने या विषयाच्या चर्चेत आणि मतदानात भाग घेऊ नये. भाग घेतल्यास नगरपरिषद अधिनियमानुसार त्याचे सदस्यत्वही अडचणीत येऊ शकते. सभेच्या सुरुवातीलाच सर्व सदस्यांनी आपला हितसंबंध नसल्याचे इतिवृत्तात नोंदवावे, असा आग्रह आपण धरलात तर त्यात कुणाचा अपमान होत नाही.

जुन्या इमारतीचे पुढे काय होणार, हा प्रश्न स्थलांतराच्या ठरावातच सुटला पाहिजे. ‘त्याबाबत नंतर विचार करण्यात येईल’ हे वाक्य ठरावात आले की मी सावध होते. बाजारपेठेतल्या त्या जागेची किंमत गावातल्या सर्व व्यापाऱ्यांना ठाऊक असते, आणि कार्यालय उठल्यावर दोन वर्षांत तिथे व्यापारी संकुलाचा प्रस्ताव येतो. गाळे बांधू नयेत असे मी म्हणत नाही. नगरपरिषदेला उत्पन्नाची गरज आहे. परंतु स्थावर मालमत्ता विकणे किंवा दीर्घ मुदतीने भाडेपट्ट्याने देणे यावर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ९२ ची बंधने आहेत, आणि लोकांना हे आधी कळले पाहिजे की आपण कार्यालय हलवत आहोत ते कार्यालयासाठी की त्या जागेसाठी. माझी सूचना अशी आहे की, तळमजल्यावर नागरी सुविधा केंद्र, म्हणजे कर भरणा, दाखले, तक्रार नोंद आणि आलेली पत्रे स्वीकारणारी आवक, हे कायमस्वरूपी राहील, असे ठरावातच लिहून घ्यावे.

नाशिकचा अनुभव इथे उपयोगी पडेल. नाशिकची नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली आणि १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिकरोड, सातपूर आणि आसपासची खेडी सामावून महापालिका झाली. शहर एवढे पसरल्यावर जुनी इमारत पुरणे शक्य नव्हते आणि मुख्यालय शरणपूर रस्त्यावरच्या राजीव गांधी भवनात आहे. परंतु कारभार सहा विभागांत वाटला गेला. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड. त्यामुळे जुन्या नाशकातल्या माणसाला घरपट्टीसाठी किंवा दाखल्यासाठी राजीव गांधी भवनाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, मेनरोडवरचे पूर्व विभागाचे कार्यालय त्याला जवळ पडते. विभागीय कार्यालयांच्या कामाबद्दल तक्रारी असतील, त्या असाव्यातही, पण मुख्यालय आणि खिडकी वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात, हे या रचनेने दाखवून दिले आहे. आपले गाव लहान आहे म्हणून सहा विभाग नकोत, दोन खिडक्या पुरतील.

माझ्या हातून जे स्थलांतर फसले, तिथे आम्ही नेमके हेच केले नव्हते. गावाचे नाव सांगत नाही. इमारत सुंदर होती, उद्वाहन होते, सभागृह वातानुकूलित होते. आम्ही एका शुक्रवारी जुन्या कार्यालयाला कुलूप लावले आणि सोमवारी नव्या इमारतीत काम सुरू केले. पहिल्या दोन महिन्यांत कर भरणा खिडकीवरची गर्दी एकदम कमी झाली, आणि आम्ही समजलो की कारभार सुधारला. मार्चमध्ये थकबाकीची यादी हातात आली तेव्हा कळले की लोक यायचेच थांबले होते. अखेर जुन्या इमारतीसमोरचा एक गाळा भाड्याने घेऊन तिथे वसुली खिडकी उघडावी लागली. स्वतःच्या मालकीची इमारत बंद ठेवून तिच्या समोर भाडे भरण्याची वेळ माझ्यावर आली. ती चूक माझी होती, कारण टिपणीवर माझी सही होती.

सभेच्या कार्यपद्धतीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून येऊ देऊ नका. तो विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांकाने, मोजणीचे निष्कर्ष, संरचनात्मक अहवाल, जागेचा विकास योजनेतील नकाशा, दुरुस्ती आणि नवे बांधकाम या दोन्हींचा तुलनात्मक खर्च, आणि इमारत झाल्यावर दरवर्षी येणारा वीज, स्वच्छता, सुरक्षा व देखभालीचा खर्च, एवढ्या कागदांसह आला पाहिजे. विशेष अनुदानातून इमारत उभी राहते, पण विजेचे बिल कोणत्याही अनुदानातून येत नाही, ते घरपट्टीतूनच भरावे लागते. मतदानाची मागणी करा, विरोधी किंवा सशर्त मत असल्यास ते कारणांसह इतिवृत्तात नोंदवून घ्या. सार्वजनिक हिताला बाधक किंवा बेकायदेशीर ठरावाची अंमलबजावणी नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात. परंतु तिकडे धाव घेण्याची वेळ येणे म्हणजे सभेत काम नीट झाले नाही असाच अर्थ होतो, आणि त्या वादात गावाची दोन-तीन वर्षे जातात.

स्थलांतर ठरलेच, तर दप्तराची काळजी आजपासून घ्या, कारण इथे झालेले नुकसान भरून येत नाही. आम्ही दप्तर हलवले ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, वर ताडपत्री टाकून. रुमालांवर, म्हणजे दप्तर बांधलेल्या कापडी गठ्ठ्यांवर, क्रमांक होते, पण कोणत्या रुमालात कोणत्या नस्त्या (फायली) आहेत याची यादी एका जुन्या लिपिकाच्या डोक्यात होती, आणि ते मे महिन्यात निवृत्त झाले होते. तीन महिन्यांनी एक गृहस्थ आपल्या वडिलांच्या जन्माची नोंद मागायला आले. जात पडताळणीसाठी तो एकच पुरावा त्यांच्या घराण्यात होता. ते रजिस्टर सापडले, पण पाण्याने पाने एकमेकांना चिकटली होती. दोन कर्मचाऱ्यांनी आठवडाभर टीपकागद घालून एकेक पान सोडवले आणि ती नोंद वाचता आली. दुसऱ्या एका रजिस्टरची पाने सुटली नाहीत. म्हणून हलवण्याआधी अ, ब, क, ड असे अभिवर्गीकरण, म्हणजे किती काळ जपायचे त्यानुसार दप्तराची वर्गवारी, पूर्ण करा, मुदत संपलेले दप्तर नियमाप्रमाणे नष्ट करा, जन्म-मृत्यूची रजिस्टरे, मालमत्ता कर आकारणी नोंदवह्या आणि सभांची इतिवृत्ते स्कॅन करून घ्या, आणि प्रत्येक रुमालासोबत आतल्या नस्त्यांची सही केलेली यादी ठेवा. हे काम घाईने होत नाही. त्याला स्वतंत्र माणसे आणि पाच-सहा महिने लागतात.

वेळेचाही विचार करा. मार्चमध्ये वसुली आणि वर्षअखेर असते, जून ते सप्टेंबर पाऊस असतो, म्हणून हलण्यासाठी हिवाळ्यातले महिने बरे. शिवाय नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये आहे. त्या काळात जिल्ह्यातली अभियांत्रिकी यंत्रणा, ठेकेदार आणि पोलीस बंदोबस्त बहुतांशी तिकडे गुंतलेला असेल, आणि इतर गावांतल्या कर्मचाऱ्यांच्या नेमणुकाही तिथे होतात. बांधकामाच्या मुदती ठरवताना आपल्या मुख्याधिकाऱ्यांनी हे गृहीत धरले आहे काय, ते विचारा.

शेवटची गोष्ट लहान वाटेल. नव्या इमारतीत गेल्यानंतर किमान एक वर्ष जुन्या जागी बारनिशीचा, म्हणजे आवक-जावक टपालाची नोंद ठेवणारा, एक कारकून शिक्क्यासह बसवावा. न्यायालयाच्या नोटिसा, अपिलांची पत्रे आणि माहिती अधिकाराचे अर्ज जुन्याच पत्त्यावर येत राहतात. पोस्टमनने कुलूप पाहून ते परत नेले, तरी न्यायालयाच्या तारखा आणि अपिलांच्या मुदती थांबत नाहीत, आणि मुदत हुकल्याचे आपल्याला निकाल हातात आल्यावरच कळते.